होडीतली दुसरी जागा

होडी दोघांपुरतीच होती, आणि घरातल्या निम्म्या रुसव्याफुगव्यांचं मूळ तेच होतं. तिसरा माणूस बसला की पाणी काठावरून आत डोकवायचं. म्हणून मागच्या फळीवर अण्णा आणि पुढच्या फळीवर त्यांचा थोरला मुलगा, अशी जी वाटणी बावीस वर्षांपूर्वी झाली ती झालीच. बाकीच्यांनी काठावर बसावं, वाटलं तर गळ टाकावा, नाहीतर डास मारावेत. दरवर्षी दोन दिवसांसाठी तळ्याकाठचं तेच भाड्याचं घर घ्यायचं, तीच होडी सोडायची, आणि परत जाताना पुढच्या वर्षी मोठी होडी घेऊ असं म्हणायचं. मोठी होडी कुणी घेतली नाही. थोरल्याला ती नकोच होती, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या शनिवारी सकाळी थोरल्याचा एक पाय होडीत होता. काठ्या ठेवून झाल्या होत्या, आमिषाचा डबा फळीखाली सरकवून झाला होता. अण्णा आधीच बसले होते. ते पाण्याकडे तोंड करून म्हणाले, "जावईबापू, आज तुम्ही या."

थोरल्याला वाटलं, अण्णा गंमत करतायत. तो हसलासुद्धा. पण अण्णा हसले नाहीत. लिफ्टची कामं करणारा, धाकट्या बहिणीचा नवरा, तो मुलखाचा अबोल जावई, ज्यानं सात वर्षांत सासरी सत्तर वाक्यं बोलली नसतील, तो खाली बघत पुढे आला. थोरल्यानं होडीतला पाय बाहेर काढला. बूट भिजला होता. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला सगळ्यांसमोर उचललेला पाय परत ठेवावा लागला, याचा अपमान काय असतो ते ज्याचं त्यालाच कळतं.

काठावर थोरलीनं त्याच्या शेजारी घडीची खुर्ची उघडली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. ही तिची जुनी पद्धत. आधी नवऱ्याला आपोआप उकळू द्यायचं, मग झाकण काढायचं.

"अहो, मी काही बोलत नाही," ती शेवटी म्हणाली, "पण लग्न होऊन आला तेव्हा याला गळाला गांडूळ लावता येत नव्हतं. कानामागून आला अन् तिखट झाला."

तिला गप्प बस म्हणावं असं थोरल्याला वाटलं, पण ती त्याच्याच मनातलं बोलत होती. तो होडीकडे बघत राहिला. होडी वेताच्या बेटापाशी थांबली होती, हाक मारली तर ऐकू जाईल न जाईल इतक्या अंतरावर. आणि तिथे जे चाललं होतं ते बघून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जावई बोलत होता. थोड्या थोड्या वेळानं त्याचे ओठ हलत होते आणि अण्णा मान डोलावत होते.

बावीस वर्षं थोरला त्या फळीवर तोंड शिवून बसला होता. होडीत बोलायचं नाही, मासे पळतात, हा अण्णांचा नियम. घरच्या चष्म्याच्या दुकानात बापलेकांचं बोलणं व्हायचं ते काचेच्या नंबरांचं. होडीत तेही नाही. पण ती शांतता थोरल्याला आपली वाटायची. दोघांनी मिळून गप्प बसणं हेही एक बोलणंच आहे, असं तो मनाशी धरून चालला होता. आणि आज हा लिफ्टवाला तिथे बसून गप्पा छाटत होता.

कारणही त्याला सुचलं, आणि ते सुचल्यावर जास्तच लागलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं जुनं यंत्र होतं. अण्णांनी त्यावर एकेचाळीस वर्षं काम केलं. वर्षापूर्वी थोरल्यानं ते काढून आपोआप चालणारं आणलं. अण्णा बघायला आले, "छान आहे," म्हणाले, आणि त्यानंतर मागच्या खोलीत फिरकलेच नाहीत. म्हणजे राग धरलाय. म्हातारा तोंडानं बोलत नाही, जागा काढून घेऊन दाखवतो.

---

घराच्या व्हरांड्यात धाकटी बटाटे सोलत होती आणि सकाळपासून तिच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं. तिच्या आईनं, माईनं, ते दोनदा पाहिलं आणि दोनदा सोडून दिलं.

धाकटीला आनंद झाला होता, यात खोटं काही नाही. लहानपणी ती याच व्हरांड्याच्या पायरीवर बसून होडी लहान लहान होत जाताना बघायची. मुलगी आहे, पोहता येत नाही, असं आधी सांगितलं गेलं. ती पोहायला शिकली, तेव्हा सांगितलं गेलं की थोरल्याला आता सवय झालीय, कशाला मध्येच बदल. मग तिनं विचारणं सोडलं, मागणं मात्र मनातून गेलं नाही. आज दादाचा भिजलेला बूट बघून तिला जो गारवा वाटला, त्याची तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

पण बटाट्यांचा ढीग कमी होत गेला तसं हसूही उतरत गेलं. होडीत तिचा नवरा होता, ती नव्हती. अण्णांना जागा द्यायचीच होती तर पोटची मुलगी का सुचली नाही? आणि तो नवरा तरी कसला. गेल्या काही महिन्यांपासून तो दर बुधवारी कामावरून परतताना अण्णांकडे जायचा. काय बोलता दोघं, असं विचारलं तर म्हणायचा, काही नाही, असंच. घरी मीठ मागायला तोंड न उघडणारा माणूस तिच्या बापाशी तासभर असंच काय बोलत होता?

"माई, अण्णांचं आणि याचं काय गुळपीठ आहे गं?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस, नवरा तुझा," माई म्हणाली.

"बाप कुणाचा?"

"तोही तुझाच," म्हणत माईनं सोललेले बटाटे उचलले आणि ती आत गेली. तिला जे माहीत होतं ते सांगायचं नव्हतं, आणि खोटं बोलायचा तिला कंटाळा होता.

---

मासा लागला तो अकराच्या सुमाराला. काठावरून थोरल्यानं अण्णांची काठी वाकलेली पाहिली आणि तो खुर्चीतून उठला. काठीचं टोक पाण्याला टेकायला आलं होतं. मोठा होता. इतका मोठा या तळ्यात त्यानं एकदाच पाहिला होता, आणि तो निसटला होता. तेव्हा थोरला बारा वर्षांचा होता, काठी त्याच्या हातात होती, तळवे सोलले होते. त्यानं रडत अण्णांना हाक मारली होती आणि अण्णा शेजारी हाताची घडी घालून उभे राहिले होते. लागलेल्या गळाला दुसऱ्याचा हात नाही. हा घरचा सगळ्यात जुना कायदा. मासा गेला तरी चालेल, हात लावायचा नाही. गळाची तंगूस तुटली, मासा गेला, आणि अण्णा म्हणाले होते, गेला तोही तुझाच गेला.

आता त्याच्या डोळ्यांदेखत जावई उठून अण्णांच्या मागे गेला, दोन्ही हातांनी त्यानं अण्णांची काठी धरली, ओढली, डावीकडे नेली, सैल सोडली, परत ओढली. अण्णांनी त्याला अडवलं नाही. मग जावयानंच जाळी घालून मासा आत घेतला.

"पाहिलंस?" थोरला बायकोला म्हणाला.

"मी तर सकाळपासून पाहतेय," थोरली म्हणाली.

होडी काठाला लागली तेव्हा सगळे जमले. मासा दीड हात लांब होता, पोटाशी पिवळसर, खवले नाण्याएवढे. माई गालाला हात लावून बघत राहिली. अण्णांचा चेहरा असा उजळला होता की गेल्या वर्षभरात तो तसा कुणी पाहिला नव्हता. "मी काढला," ते म्हणाले, आणि परत म्हणाले, "मी काढला. विचारा जावईबापूंना."

जावई म्हणाला, "हो, अण्णांनीच." त्याचा रंग पिवळा पडला होता. त्याला होडी लागत असे, हे फक्त धाकटीला माहीत होतं.

थोरल्यानं मासा हातात घेऊन कल्ल्याशी बोट घातलं, वजनाचा अंदाज घेतला आणि खवले काढायला बसला. इतक्या जोरानं की खवले थोरलीच्या केसांत उडाले.

---

जेवायला दोन वाजले. माईनं तुकड्यांना मीठ-लिंबू लावून ते मोठ्या तव्यावर खरपूस परतले होते. उकडलेले बटाटे होते, काकडी होती. व्हरांड्यातल्या लांब टेबलावर सहा ताटं मांडली. खरं तर वर्षातलं हेच जेवण सगळ्यात चांगलं असायचं. सकाळपासूनचं ऊन अंगात, हातांना माशाचा वास, आणि ज्यानं काढला त्याची फुशारकी ऐकत प्रत्येकानं दुसरा तुकडा मागायचा.

त्या दिवशी पहिला तुकडा अण्णांच्या ताटात पडला आणि लगेच जावयानं ते ताट स्वतःपुढे ओढलं. कुणाला काही विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. लिफ्टचे स्क्रू काढण्याची सवय असलेल्या त्या जाड बोटांनी त्यानं काटे वेचायला सुरुवात केली. या माशाला काटे फार, मधल्या हाडाचे वेगळे आणि मांसात लपलेले दुहेरी फाट्यांचे वेगळे. तो एकेक काढून ताटाच्या कडेला ठेवत होता. अण्णा हात मांडीवर ठेवून वाट बघत होते.

थोरल्यानं हे बघितलं आणि त्याच्यातलं जे काही सकाळपासून उकळत होतं ते उतू गेलं.

"आता घास भरवायचंच बाकी आहे," तो म्हणाला.

जावयाचा हात थांबला. थोरला थांबला नाही. तो म्हणाला की मासा अण्णांनी काढलाच नाही, त्यानं काठावरून सगळं पाहिलं. मी बारा वर्षांचा असताना हात सोलून निघाले तरी कायदा तो कायदा होता, आणि जावयासाठी कायदा नाही. बावीस वर्षं मी तोंड बंद ठेवून बसलो आणि याला होडीत गप्पा चालतात. यंत्र काढल्याचा राग असेल तर तोंडावर सांगा, असं काढून घेऊन कशाला दाखवता?

 थोरल्याला वाटलं होतं धाकटी तुटून पडेल, नवऱ्याची बाजू घेईल, मग भांडण रीतसर होईल. पण धाकटी नवऱ्याकडे वळली.

"दादा बरोबर बोलतोय," ती म्हणाली. "तू हात का लावलास? आणि बुधवारी काय बोलता तुम्ही? माझ्या बापाशी माझ्यापेक्षा जास्त तू बोलतोस, आणि मी विचारलं की म्हणतोस, असंच."

थोरल्याला इतकं बरं वाटलं की तो आणखी पुढे गेला. सात वर्षांत पहिल्यांदा बहीण-भाऊ एका बाजूला होते. त्यानं जावयापुढचं ताट उचललं, स्वतःचं अण्णांपुढे ठेवलं, न काढलेल्या काट्यांसकट. "घ्या अण्णा. आयुष्यभर तुम्हीच आम्हाला काटे काढायला शिकवलंत. तुम्हाला कशाला हवा मदतनीस?"

"दादा, नको," जावई म्हणाला. सगळ्या जेवणात तो एवढंच बोलला होता.

अण्णांनी हात पुढे केला. बोटं आधी बटाट्यावर गेली, तिथून सरकत तुकड्यावर आली. त्यांनी घास तोडला, तोंडात घातला, मग सावकाश तोंडातून एक काटा काढला. दुसरा काढला. तिसरा काढताना थांबले, जिभेनं शोधत राहिले. आणि हे सगळं करताना त्यांनी ताटाकडे पाहिलं ते सरळ नाही. मान थोडी डावीकडे वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून.

असं बघणारी माणसं थोरल्याच्या दुकानात महिन्याला दोन तरी यायची. नजरेच्या मधोमध डाग पडतो, समोरचं जातं, कडेचं तेवढं उरतं. आलेल्या माणसानं दारातून आत येताना मान वळवली की थोरला बायकोला खुणेनं सांगायचा, याला चष्मा देऊन उपयोग नाही, मोठ्या डॉक्टरकडे पाठवायला हवं. गावातल्या कुणाच्याही डोळ्यांचं तो दहा पावलांवरून सांगायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"अण्णा," तो म्हणाला, "माझ्याकडे बघा."

अण्णांनी बघितलं. त्याच्या कानाकडे.

"मार्चमध्ये तपासले होते मी," थोरला म्हणाला.  "तक्ता पूर्ण वाचलात. शेवटच्या ओळीपर्यंत."

"तो तक्ता भिंतीवर मी टांगलाय," अण्णा म्हणाले. "एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांकडून वाचून घेतला. उलटा म्हणू?" आणि त्यांनी खरोखरच म्हणून दाखवला, शेवटच्या ओळीपासून वर, एकही अक्षर न चुकता, लहान मुलानं पाढे म्हणावेत तसा.  थोरल्याला आठवलं की मार्चमध्ये बाहेर गिऱ्हाईक बसलं होतं आणि बाप आहे म्हणून त्यानं डोळे तपासायच्या यंत्रावर न बसवता नुसत्या तक्त्यावर काम उरकलं होतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अण्णांनी मागच्या खोलीत जाणं सोडलं होतं ते यंत्रावरच्या रागानं नाही. नव्या यंत्रावरचे आकडे त्यांना दिसत नव्हते. मोठ्या डॉक्टरकडे ते जात होते, दर बुधवारी, जावयाच्या स्कूटरवर. जे गेलं ते परत येणार नव्हतं, उरलेलं टिकवायचं चाललं होतं. जावयाला कसं कळलं, तर अण्णा त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमधून तीन वेळा चुकीच्या मजल्यावर उतरले होते आणि चौथ्यांदा तिथे जावई पान्हा घेऊन उभा होता.

"जावईबापू बोलले काही नाहीत," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्याच्या बटणावर धातूचा एक बारका ठिपका चिकटवलेला होता. बोटाला लागावा म्हणून."

"आणि मला?" धाकटीनं विचारलं. "मला का नाही?"

"तू रडली असतीस."

"मी आत्ताही रडतेच आहे."

"माई, तुला माहीत होतं?" थोरल्यानं विचारलं.

"पंचावन्न वर्षं शर्टाची बटणं नीट लावणारा माणूस वर-खाली लावायला लागला, तर बायकोला कळणार नाही?" माई म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही." आणि उरलेले तुकडे गार होतील म्हणून ती ते परतायला आत गेली.

 थोरल्यानं अण्णांपुढचं ताट स्वतःकडे घेतलं. त्यानं काटे काढायला सुरुवात केली. चष्म्याच्या काडीतला बारीक स्क्रू बसवणारा त्याचा हात काट्यामागून काटा वेचत गेला. सकाळपासून तो कुणाचा हेवा करत होता? ज्यानं ठिपका चिकटवला त्याचा. हे कळल्यावर हेवा जायला हवा होता. तो वाढला. कारण आधी वाटत होतं की जावयानं काहीतरी पळवलंय. आता कळत होतं की त्यानं काहीच पळवलं नव्हतं, ते थोरल्यानंच टाकून दिलं होतं आणि यानं नुसतं उचललं होतं.

त्यानं ताट अण्णांपुढे सरकवलं. अण्णांनी घास घेतला, चावून बघितला, मान हलवली. "झकास," ते म्हणाले. "मासा मात्र दोघांनी काढला. मघाशी खोटं बोललो. हाताला ओढ लागली आणि तो कुठे पळतोय ते कळेना. मीच ओरडलो, जावईबापू धरा."

"उद्या मी बसतो होडीत," थोरला म्हणाला.

अण्णांनी दुसरा घास घेतला.

"मी सांगेन ना," थोरला म्हणाला, "पाण्यावरचं बूच कुठे आहे, कधी बुडतंय. एवढंच सांगायचं असतं ना? तेच बोलत होते ना हे?"

"तेच. डावीकडे, स्थिर, हललं, आता. लिफ्टमध्ये मजले सांगतात तसं," अण्णा म्हणाले, आणि जावई ओशाळून ताटात बघायला लागला.

"मग मी सांगतो."

"तू नाही सांगणार." अण्णांचा आवाज कडक नव्हता. "तू बुचाकडे बघणारच नाहीस. तू माझ्याकडे बघत बसशील. मघापासून तेच करतोयस, मला दिसत नसलं तरी कळतं. मला अजून थोडे दिवस मासे पकडायचेत, बाळा."

बाळा म्हणून त्यांनी थोरल्याला शेवटची हाक कधी मारली होती, ते त्याला आठवेना.

---

रविवारी सकाळी तळ्यावर वारा नव्हता. अण्णा मागच्या फळीवर जाऊन बसले. जावई काठावर थांबला, घरातून कुणी येतंय का बघून घेतलं, आणि थोरल्याजवळ येऊन हळूच म्हणाला की दादा, तुम्हीच जा. त्यांना सांगू नका, गुपचूप बसा. मला होडी लागते, काल रात्रीपासून गोळ्या खातोय. मी घरी थांबतो.

थोरल्यानं होडीकडे बघितलं. पुढची फळी रिकामी होती. बसायला काय लागतं? एक पाय, मग दुसरा. अण्णांना कळायच्या आत होडी बेटापाशी पोचली असती, आणि ते काही त्याला पाण्यात ढकलणार नव्हते. मनातून त्याला ती जागा हवी होती, कालच्यापेक्षा जास्त हवी होती, आणि समोरचा माणूस ती सुखासुखी देत होता.

"गोळी घेतलीत ना आत्ताची?" त्यानं विचारलं.

जावई हो म्हणाला.

"मग बसा. बुचाकडे लक्ष ठेवा," थोरला म्हणाला. हे वाक्य बाहेर काढायला त्याला फार कष्ट पडले. त्यानं जावयाच्या दंडाला धरून त्याला होडीत चढवलं, मग गुडघाभर पाण्यात उतरून दोन्ही हातांनी होडी आत ढकलली.